क्लिनिकल कौशल्ये आणि व्हिडिओ: एक पार्श्वभूमी

इंदूरच्या एमवाय रुग्णालयात इंटर्नशिपला लागलेला विद्यार्थी पहिली आयव्ही लाइन लावतो, तेव्हा ती कशी लावतात हे त्याने मोबाइलवर अनेकदा पाहिलेले असते, आणि यात आता कोणालाच काही वावगे वाटत नाही. मात्र चलच्चित्रांतून हाताचे कसब शिकवण्याचा प्रयत्न मोबाइलइतका नवा नाही, तो जवळजवळ सिनेमाइतकाच जुना आहे. या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते: प्रत्येक नव्या साधनाने दिसण्याची अडचण दूर केली, हाताची अडचण मात्र वेगळ्या मार्गाने सोडवावी लागली.

इंदुरात पाश्चात्त्य वैद्यकाची शाळा 1878 साली ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आश्रयाने सुरू झाली. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली, आणि त्याच परंपरेत 1948 साली महात्मा गांधी मेमोरिअल मेडिकल कॉलेज उभे राहिले. किंग एडवर्ड नावाची जुनी इमारत कॉलेजच्या आवारात अजूनही आहे. त्या काळात जगभर कसब शिकण्याची रीत एकच होती, ती म्हणजे वरिष्ठांच्या मागे उभे राहून पाहणे आणि पाळी येईल तेव्हा करणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी शल्यचिकित्सेच्या निवासी प्रशिक्षणाला शिस्तबद्ध रूप दिले. ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ हे सूत्र त्यांच्याच परंपरेशी जोडले जाते. सूत्रातले पहिले ‘पाहा’च खरे तर अवघड होते, कारण टेबलाभोवतीचे दोघे-तिघे सोडले तर बाकीच्यांना सर्जनची पाठच दिसत असे.

ही अडचण नेमकी हेरली ती पॅरिसच्या यूजीन-लुई दोएं या शल्यविशारदाने. त्याने 1898 साली आपल्या शस्त्रक्रियांचे चित्रीकरण करून घेतले. मायदेशी व्यवसायबंधूंकडून स्वागत न झाल्याने त्याने ते त्याच वर्षी एडिंबरा येथे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात दाखवले. त्याचे एक निरीक्षण आजच्या शिक्षकांनीही लक्षात घ्यावे असे आहे. स्वतःला पडद्यावर पाहिल्यावर, आजवर समाधानकारक वाटलेल्या आपल्याच हालचालींतले दोष त्याच्या ध्यानात आले आणि त्याने त्या सुधारल्या. म्हणजे या माध्यमाचा पहिला लाभार्थी विद्यार्थी नव्हता, खुद्द सर्जन होता.

दोएंची सर्वांत गाजलेली फिल्म 1902 सालची. ओडिशात जन्मलेल्या आणि सर्कशीत दाखवल्या जाणाऱ्या राडिका व डूडिका या जुळलेल्या बहिणींपैकी एकीला क्षयाने गाठले, म्हणून दोएंने शस्त्रक्रियेने दोघींना वेगळे केले. आजारी डूडिका काही दिवसांतच गेली आणि पुढच्या वर्षी राडिकाही. चित्रीकरणाच्या प्रती मात्र कॅमेरामनने परस्पर विकल्या आणि वर्गासाठी काढलेली फिल्म जत्रांतून दाखवली जाऊ लागली. दोएंने दावा लावला व 1905 साली तो जिंकला. निकाल सर्जनच्या हक्काचा होता. ज्यांची शरीरे पडद्यावर होती त्या मुलींचा हक्क हा खटल्याचा विषयच नव्हता.

पुढची काही दशके या माध्यमाने फार मोठी झेप घेतली असे म्हणता येत नाही. प्रोजेक्टर, अंधारी खोली आणि महागडी फिल्म यांमुळे ते श्रीमंत संस्थांपुरतेच राहिले. 1947 साली जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रिया टेलिव्हिजनवरून शेजारच्या दालनात दाखवली गेली. सत्तरच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा तोच प्रसंग हवा तेव्हा थांबवून, मागे नेऊन पाहता येऊ लागला.

खरी कलाटणी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने दिली. पूर्वी लॅपरोस्कोपच्या, म्हणजे पोटात घालायच्या दुर्बिणीच्या, भिंगाला फक्त सर्जनचा डोळा लागलेला असे आणि सहायकाला काहीच दिसत नसे. कॅमेरा जोडला गेल्यावर सर्जनला दिसते तेच थिएटरमधल्या सर्वांना दिसू लागले, आणि चित्रीकरण वेगळे करण्याची गरजच उरली नाही. जर्मनीत 1985 साली एरिक म्यूहे यांनी आणि फ्रान्समध्ये 1987 साली फिलिप मूरे यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पित्ताशय काढले. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1990 साली डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली. तंत्र इतक्या झपाट्याने पसरले की अनेक अनुभवी सर्जन छोटे अभ्यासवर्ग करून आणि कॅसेट पाहून कामाला लागले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण वाढले, ते याच घाईत. चित्र सपाट पडद्यावरचे, हत्यारे लांब दांड्यांची, आणि दांडी डावीकडे वळवली की आतले टोक उजवीकडे जाणार. हे डोळ्यांना कळले म्हणून मनगटाला येत नाही. मग कॅमेरा बसवलेल्या खोक्यात छोटे ठोकळे एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर ठेवण्याचा सराव सुरू झाला.

हातासाठीचा हा दुसरा प्रवाह आधीपासून वाहत होता. नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल यांनी 1960 साली पुनरुज्जीवनाच्या, म्हणजे थांबलेला श्वास व हृदय पुन्हा सुरू करण्याच्या, सरावासाठी ‘रेसुसी ॲन’ हा पुतळा आणला. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली, ठरावीक वेळात एकेक कृती करून दाखवायची ‘ऑस्की’ ही परीक्षापद्धत मांडली. जॉर्ज मिलर यांनी 1990 साली ‘माहीत आहे, कसे ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष करतो’ अशा चार पायऱ्या सांगितल्या. यांतल्या पहिल्या दोन पायऱ्या व्हिडिओ चढवू शकतो, पुढच्या दोन नाही, असे माझे मत आहे.

यूट्यूब 2005 साली आले आणि 2006 पासून ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने क्लिनिकल कृतींचे व्हिडिओ देण्यास सुरुवात केली. चांगल्या व्हिडिओची किंमत साध्या कॅन्युलावरूनही, म्हणजे सुईवरून नसेत सरकवायच्या बारीक नळीवरूनही, कळते. त्वचेशी सुईचा कोन किती कमी ठेवायचा, सुईमागच्या पारदर्शक चेंबरमध्ये रक्त दिसताच कोन आणखी उतरवून सुई अगदी किंचित पुढे न्यायची आणि मगच कॅन्युला सुईवरून सरकवायचा, हा क्रम पुस्तकातल्या चित्रापेक्षा संथ गतीच्या व्हिडिओत कितीतरी स्पष्ट समजतो. नस भेदताना बोटाला जाणवणारी सूक्ष्म ढील मात्र त्यात दिसत नाही. शिवाय परदेशी व्हिडिओतला हात बहुधा भरल्या नसांचा, तयार टूर्निकेटचा (नस फुगवण्यासाठी दंडाला आवळायच्या पट्ट्याचा) आणि पारदर्शक ड्रेसिंगचा असतो. आपल्या वॉर्डात पुष्कळदा रबरी ग्लोव्हची गाठ हेच टूर्निकेट, आणि समोर जुलाबांनी कोरडे पडलेले मूल.

भारतात या साऱ्याला नियमाची चौकट 2019 च्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमाने दिली. त्यात मिलर यांच्या पायऱ्या जवळजवळ जशाच्या तशा आल्या, स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर कसबाचा सराव करायची जागा, आवश्यक ठरली आणि ‘डीओएपी’ हा क्रम आला: दाखवणे, निरीक्षण, साहाय्य आणि स्वतः करणे. वर्षभरातच, 2020 च्या मार्चमध्ये, कॉलेजे बंद झाली. इंदूर तर साथीच्या सुरुवातीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक. विद्यार्थी घरी होते आणि त्या क्रमातले पहिले दोन टप्पेच तेवढे हाती राहिले.

ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, तेव्हापासून व्हिडिओच्या भाषेचाही प्रश्न पुढे आला आहे. वैद्यकीय संज्ञा इंग्रजीच राहिल्या तरी ‘आता थोडं टोचेल’ हे रुग्णाला हिंदीत, माळवीत किंवा निमाडीत कसे सांगायचे, हा कृतीचाच भाग आहे, आणि परदेशी व्हिडिओत तो मिळणार नाही. त्यासाठी आपल्याच वॉर्डात चित्रीकरण करावे लागते आणि तिथे संमतीचा मुद्दा येतो. चेहरा चौकटीबाहेर ठेवणे पुरेसे नसते. माळव्यातल्या बाईच्या दंडावरचे गोंदण, खाटेचा क्रमांक, मागे ऐकू येणारे नाव यांवरूनही ओळख पटते. उपचारासाठी घेतलेली संमती चित्रीकरणाला पुरत नाही. त्यासाठी रुग्णाला समजेल अशा भाषेतला वेगळा लेखी कागद हवा, आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले हवे.