सादरीकरणे, दस्तऐवज आणि व्हिडिओ यांचे ऑनलाइन शेअरिंग

सादरीकरणाच्या स्लाइड, लिखित दस्तऐवज किंवा व्हिडिओ यांची प्रत प्रत्येकाला वेगळी न पाठवता ती एका सर्व्हरवर ठेवून, लिंकद्वारे अथवा दुसऱ्या वेबपानातील चौकटीत दाखवून (म्हणजेच एम्बेड करून), इतरांना पाहण्यास खुली करण्याची पद्धत. या पद्धतीत मूळ फाइल एकाच जागी राहते आणि दिसते मात्र अनेक ठिकाणी. त्यामुळे फाइलच्या मालकाने केलेली दुरुस्ती सर्वत्र तत्काळ पोहोचते, किती जणांनी फाइल पाहिली हे त्याला कळू शकते, आणि त्याने ती काढून घेतली तर ज्या ज्या पानांवर ती लावलेली होती तेथे रिकामी चौकट उरते. गेल्या दोन दशकांत या क्षेत्रात आलेल्या बहुतेक सुविधा याच रचनेतून निघाल्या आहेत. त्यांच्याविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळही तेथेच आहे.

पार्श्वभूमी : पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले व त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. कोणत्याही संगणकावर पान जसेच्या तसे दिसावे यासाठी अडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ हे स्वरूप आणले. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तरीही फाइल दुसऱ्याकडे पोहोचवायची म्हणजे ती ईमेलला जोडून पाठवायची, हाच अनेक वर्षे रिवाज होता. मोठी फाइल ईमेलच्या मर्यादेत बसत नसे, पाठवणाऱ्याकडील फाँट घेणाऱ्याकडे नसे, आणि चार जणांनी चार प्रतींत केलेल्या दुरुस्त्या शेवटी कोणीतरी एकाने ओळीओळीने जुळवत बसावे लागे.

ही स्थिती २००५ ते २००७ या अल्प काळात पालटली. यूट्यूबवरील पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवण्यात आला. या सेवेचा प्रसार विलक्षण वेगाने होण्यामागे तिच्या एम्बेड सुविधेचा मोठा वाटा होता, कारण व्हिडिओ पाहण्यासाठी प्रेक्षकाने यूट्यूबवर येण्याची गरजच उरली नव्हती. ऑक्टोबर २००६ मध्ये रश्मी सिन्हा, जोनाथन बूटेल व अमित रंजन यांनी स्थापन केलेल्या स्लाइडशेअरने हीच सोय सादरीकरणांसाठी केली. मार्च २००७ मध्ये सुरू झालेल्या स्क्रिब्डने ती दस्तऐवजांसाठी दिली. गूगलने ऑक्टोबर २००६ मध्ये शब्दलेखन व तक्ते यांची ऑनलाइन सेवा एकत्र आणून सप्टेंबर २००७ मध्ये तिला सादरीकरणाची जोड दिली. तेथे फाइल चढवण्याऐवजी ती ब्राउझरमध्येच तयार होऊ लागली आणि अनेकांना एकाच वेळी तिच्यावर काम करता येऊ लागले. स्लाइडशेअर २०१२ मध्ये लिंक्डइनकडे व २०२० मध्ये स्क्रिब्डकडे गेले.

एम्बेडची यंत्रणा : एका वेबपानात दुसरे वेबपान दाखवणारी आयफ्रेम ही चौकट १९९६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये प्रथम आली आणि पुढील वर्षी एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या चौथ्या आवृत्तीत समाविष्ट झाली. आरंभीच्या एम्बेड सेवांनी मात्र तिच्याऐवजी फ्लॅश या अडोबीच्या प्रणालीचा आधार घेतला, कारण ब्राउझरला त्या वेळी व्हिडिओ स्वतःहून चालवता येत नव्हता. यूट्यूबने आयफ्रेमवर आधारित कोड २०१० मध्ये देऊ केला. त्या कोडमध्ये व्हिडिओची अकरा अक्षरांची ओळख, चौकटीची रुंदी व उंची आणि पूर्ण पडद्यावर पाहण्याची परवानगी या मुख्य गोष्टी असतात. नेहमी आढळणारे ५६० व ३१५ हे आकडे १६:९ या प्रमाणातून आलेले आहेत. ते जसेच्या तसे ठेवले तर लहान पडद्यावर चौकट पानाच्या कडेबाहेर जाते, म्हणून रुंदी टक्क्यांत देऊन उंची त्या प्रमाणात ठेवणे इष्ट.

कोडची नक्कल करून चिकटवणे बहुतेकांना किचकट वाटे, आणि अनोळखी कोड आपल्या पानात घेणे संकेतस्थळांनाही धोक्याचे वाटे. यावरचा तोडगा म्हणून २००८ मध्ये ओएम्बेड हा संकेत पुढे आला. लेखकाने संपादकात केवळ लिंक टाकली की त्या संकेतस्थळाचा सर्व्हर मूळ सेवेला विचारणा करतो. उत्तरादाखल त्याला आशयाचा प्रकार, शीर्षक, रुंदी, उंची आणि चौकटीचा तयार कोड मिळतो. कोणत्या सेवांवर विश्वास ठेवायचा याची यादी संकेतस्थळाकडेच असते. वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीने डिसेंबर २००९ मधील २.९ या आवृत्तीत हा संकेत स्वीकारल्यावर नुसती लिंक टाकून व्हिडिओ उमटणे ही सवयीची गोष्ट झाली. या क्षेत्रातील ही सर्वांत कमी गाजलेली, पण कदाचित सर्वांत उपयोगी पडलेली सुधारणा होय.

चौकटीच्या आतील व बाहेरील पाने वेगवेगळ्या संकेतस्थळांची असल्यास ब्राउझर त्यांना एकमेकांतील मजकूर वाचू देत नाही. व्हिडिओ थांबवणे किंवा ठरावीक स्लाइडवर जाणे अशा आज्ञा निरोपांच्या ठरलेल्या मार्गानेच द्याव्या लागतात. उलट बाजूने, आपले पान कोणाच्या चौकटीत दाखवू द्यायचे हे मूळ सेवाही ठरवू शकते. अदृश्य चौकटीवर वापरकर्त्याला नकळत क्लिक करायला लावण्याची फसवणूक २००८ मध्ये उजेडात आल्यानंतर असे निर्बंध सार्वत्रिक झाले. एखादी लिंक स्वतंत्र टॅबमध्ये नीट उघडते, पण एम्बेड केल्यावर जोडणी नाकारल्याचा संदेश येतो, त्याचे कारण बहुधा हा निर्बंध असतो.

स्वरूपांतर : ब्राउझरमध्ये दाखवण्यासाठी चढवलेल्या फाइलचे रूप पालटावे लागते. स्क्रिब्ड व स्लाइडशेअर यांनी सुरुवातीला त्यासाठी फ्लॅश वापरले. अनेक भ्रमणध्वनींवर फ्लॅश चालत नसल्यामुळे स्क्रिब्ड २०१० मध्ये व स्लाइडशेअर २०११ मध्ये एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीकडे वळले. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिकृतपणे संपला, आणि जुन्या पानांवर फ्लॅशमध्ये लावलेले असंख्य एम्बेड त्यासोबत निकामी झाले. दरम्यान मोझिलाने पीडीएफ वाचण्याची सोय थेट ब्राउझरमध्ये आणली; २०१३ पासून फायरफॉक्समध्ये त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

रूप पालटताना काही ना काही गळतेच. स्लाइडवरील हालचाली, एकामागून एक उमटणारे मुद्दे, आवाज आणि वक्त्याच्या टिपा यांपैकी किती टिकेल हे सेवेवर अवलंबून असते. क्लिकसरशी क्रमाने उघडणारे सहा मुद्दे आणि त्यांवर शेवटी येणारा आलेख, अशी स्लाइड चित्ररूपात गेली की सर्व काही एकावर एक छापल्यासारखे दिसते. अशा वेळी ती स्लाइड चढवण्यापूर्वीच दोन-तीन स्लाइडांत फोडणे हा खात्रीचा उपाय आहे.

देवनागरीसारख्या लिप्यांत आणखी एक अडचण येते. पीडीएफमध्ये मूलतः अक्षरांच्या आकृत्या व त्यांच्या जागा नोंदलेल्या असतात. त्या आकृत्यांमागचे युनिकोड मूल्य (संगणकात प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला क्रमांक) सांगणारा तक्ता सदोष असेल तर पान डोळ्यांना अचूक दिसते, परंतु त्यातील मजकूर शोधता किंवा नकलता येत नाही. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी आकृतीच्या क्रमाने ‘क’च्या आधी येते, उच्चाराच्या व युनिकोडच्या क्रमाने नंतर, मजकूर उचलताना हा फरक सांभाळला गेला नाही की वेलांटी सुटी पडते किंवा शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते. जोडाक्षरांचीही तीच गत होते. म्हणून दस्तऐवज चढवल्यावर त्यातील एखादा जोडाक्षरयुक्त शब्द शोधून पाहणे ही सोपी आणि पुरेशी चाचणी ठरते.

सादरीकरणातील व्हिडिओ : स्लाइडमध्ये व्हिडिओ घालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गाने व्हिडिओ फाइलमध्येच साठवला जातो. तो इंटरनेटविना चालतो, पण फाइल फुगते. दुसऱ्या मार्गाने स्लाइडमध्ये केवळ त्याचा संदर्भ राहतो व व्हिडिओ आयत्या वेळी सर्व्हरवरून येतो. पॉवरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीत हे दोन्ही मार्ग उपलब्ध झाले. त्यापूर्वी व्हिडिओची फाइल शेजारी वेगळी ठेवावी लागे आणि सादरीकरण दुसऱ्या संगणकावर नेताना ती हमखास मागे राही. स्लाइडशेअरने २००७ मध्ये ध्वनिफितीशी स्लाइड जुळवण्याची व पुढे स्लाइडांच्या मध्ये यूट्यूबचे व्हिडिओ घालण्याची सोय दिली. गूगलच्या सादरीकरणात व्हिडिओ नेमका कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत चालावा हेही ठरवता येते.

येथे वापरकर्ते वारंवार एका ठिकाणी अडकतात. गूगल ड्राइव्ह या साठवण-सेवेवरील व्हिडिओ स्लाइडमध्ये घातला असेल तर सादरीकरण पाहण्याची परवानगी आणि व्हिडिओ पाहण्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. सादरीकरण सर्वांना खुले केले, तरी व्हिडिओ खासगी राहिल्यास मालकाला तो दिसतो आणि प्रेक्षकांना दिसत नाही. मालकाला तो दिसत असल्यामुळे दोष त्याच्या ध्यानीही येत नाही. सादरीकरण पाठवण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडून किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत ते एकदा उघडून पाहावे.

लांब व्हिडिओ अडखळू नये म्हणून तो काही सेकंदांच्या तुकड्यांत व निरनिराळ्या दर्जांत साठवला जातो, आणि जोडणीच्या वेगानुसार प्लेअर पुढचा तुकडा निवडतो. अ‍ॅपलची एचएलएस ही पद्धत २००९ पासून, तर डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ पासून वापरात आहे.

परवानग्या : पाहणे, अभिप्राय देणे आणि बदल करणे असे परवानगीचे तीन स्तर आता अनेक सेवांत असतात. परवानगी नावनिशीवार देता येते किंवा ‘लिंक असलेल्या कोणालाही’ देता येते. दुसऱ्या प्रकारात लिंक हीच किल्ली ठरते. तिच्यातील लांबलचक ओळख तर्काने सापडू नये, एवढाच तिचा बंदोबस्त. ती कोणी पुढे पाठवली तर मालकाला कळत नाही. २०२१ मध्ये गूगलने जुन्या लिंकांचा हा बंदोबस्त अपुरा असल्याचे मान्य करून १ जानेवारी २०१७ पूर्वी चढवलेले, केवळ लिंकने उघडणारे यूट्यूबवरील व्हिडिओ २३ जुलैपासून खासगी केले, आणि १३ सप्टेंबरपासून ड्राइव्हवरील काही फायलींच्या लिंकांना जादा किल्ली जोडली. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच होते, परंतु त्यामुळे अनेक जुन्या पानांवरचे एम्बेड बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्स डॉट कॉम या सेवेत दस्तऐवज आपोआप सार्वजनिक होत असल्याने वापरकर्त्यांची खासगी कागदपत्रे शोधात सापडू लागल्याचे मार्च २०१७ मध्ये उघड झाले. ती सेवा त्याच वर्षी डिसेंबरात बंद झाली.

लिंकला मुदत घालणे, परवलीचा शब्द लावणे, प्रत्येक पानावर वाचकाचे नाव पुसट छापणे आणि डाउनलोड बंद करणे या सुविधा पुढे आल्या. यांपैकी शेवटच्या सुविधेवर फार विसंबू नये, कारण जे पडद्यावर दिसते त्याचे छायाचित्र घेता येतेच.

वाचनाची नोंद व खासगीपणा : मूळ फाइल सेवेच्या ताब्यात असल्यामुळे वाचकाने कोणत्या पानावर किती वेळ घालवला हेही मोजता येते. २०२१ मध्ये ड्रॉपबॉक्सने घेतलेल्या डॉकसेंड या सेवेचा मुख्य आकर्षणबिंदूच तो होता. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती मोलाची असते. वाचकाला मात्र आपले वाचन मोजले जात आहे याची कल्पना बहुधा नसते. एम्बेड केलेली चौकट पानासोबतच उघडत असल्याने वाचकाने व्हिडिओला हात लावला नाही, तरी त्याच्या भेटीची खबर त्रयस्थ सेवेला लागते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये समाजमाध्यमाच्या एम्बेड केलेल्या बटणासंबंधीच्या खटल्यात, माहिती गोळा होऊन पुढे पाठवली जाण्याच्या टप्प्यापुरता संकेतस्थळाचा चालकही जबाबदार असल्याचा निर्णय दिला. यूट्यूबचा कुकीविरहित (वाचकाच्या ब्राउझरमध्ये माग ठेवणारी नोंद न करणारा) पत्ता वापरणे, किंवा आधी केवळ चित्र दाखवून क्लिक केल्यावरच खरी चौकट आणणे, हे त्यावरचे प्रचलित उपाय आहेत. दुसऱ्या उपायाने पानही लवकर उघडते.

कायदा व सुगमता : एम्बेड करणे म्हणजे प्रत काढणे नव्हे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो, तो सर्वत्र टिकलेला नाही. अमेरिकेतील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये फाइल कोणाच्या सर्व्हरवर आहे या कसोटीला महत्त्व दिले, तर न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयाने २०१८ मध्ये ती कसोटी नाकारली. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये खुल्या व्हिडिओचे एम्बेड सामान्यतः वैध मानले, परंतु २०२१ मध्ये स्पष्ट केले की हक्कधारकाने चौकटीत दाखवण्याविरुद्ध तांत्रिक अडथळा उभारला असेल, तर तो ओलांडण्यास त्याची परवानगी हवी.

स्लाइड चित्ररूपात दाखवल्या की दृष्टिहीनांच्या वाचक-सॉफ्टवेअरला त्यांत काहीच सापडत नाही. त्यामुळे चित्रांना पर्यायी वर्णन, व्हिडिओला त्यातील बोलण्याचा लिखित मजकूर (कॅप्शन) व चौकटीला शीर्षक देणे आणि कळफलकाने आत गेलेल्याला कळफलकानेच बाहेर पडता येणे आवश्यक ठरते.

जतन : या पद्धतीने दाखवलेला आशय जपून ठेवणे कठीण असते, कारण पानाची नक्कल साठवली तरी चौकटीतील मजकूर दुसऱ्याच सर्व्हरवर असतो. संशोधन क्षेत्राने त्यावर निराळी वाट काढली आहे. सर्न या युरोपीय कणभौतिकी संशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या झेनोडो या भांडारात परिषदांमधील स्लाइड, अहवाल व व्हिडिओ ठेवता येतात. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र कायम ओळखक्रमांक मिळतो, सर्व आवृत्त्यांना मिळून आणखी एक क्रमांक असतो, आणि एकदा प्रसिद्ध केलेल्या फाइलमध्ये बदल करायचा झाल्यास नवी आवृत्ती काढावी लागते.