डबा पुलमनचा, रूळ दुसऱ्याचे

पुलमन कंपनी आगगाडीचे डबे बनवत असली, तरी तिचा खरा धंदा भाड्याचा होता. जॉर्ज पुलमनने 1867 मध्ये शिकागोत कंपनी काढली आणि आपले शयनयान डबे शक्यतो विकायचेच नाहीत, हे धोरण ठेवलं. डबा पुलमनचा, पोर्टरही पुलमनचा. रेल्वेने तो फक्त ओढायचा. बर्थचे पैसे तिकिटाहून वेगळे, ते पुलमनच्या गल्ल्यात. दिवसा समोरासमोर असलेली आसनं रात्री ओढली की खालचा बर्थ तयार व्हायचा, छतालगतची फळी उतरवली की वरचा. हे सगळं करणारे पोर्टर कृष्णवर्णीय, सुरुवातीचे तर गुलामीतून नुकतेच सुटलेले. पगार तुटपुंजा, भिस्त टिपांवर, आणि प्रवासी सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत. म्हणजे नावसुद्धा मालकाचंच!

1880 पासून कारखान्याभोवती वसवलेल्या गावातही तोच खाक्या. विटांची नेटकी घरं, नळाचं पाणी, वाचनालय, सगळं होतं. घर विकत मात्र मिळत नसे. 1893 च्या मंदीत मजुरी सुमारे चौथाईने उतरली, घरभाडं जिथल्या तिथे. भाडं वळतं करून एका कामगाराच्या हाती 2 सेंटचा चेक पडला, असं गावातल्या कार्वर्डाइन नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय. मे 1894 मध्ये संप झाला. युजीन डेब्सच्या रेल्वे कामगार युनियनने पुलमनचे डबे असलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला, तेव्हा अध्यक्ष क्लीव्हलँडने लष्कर धाडून तो मोडला. 1897 मध्ये पुलमन वारला, तर प्रेत कोणी उकरून काढेल या धास्तीने घरच्यांनी शवपेटीवर काँक्रीट आणि पोलादी रूळ घातले. पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने गाव विकून टाकायला लावलं.

धंद्याला त्याने धक्का बसला नाही. लाकडी डब्यांच्या जागी पोलादी आले, 1937 मध्ये फिलिप रँडॉल्फच्या पोर्टर संघटनेशी करारही झाला. खरा घाव मक्तेदारीच्या खटल्यात बसला. 1944 चा निकाल असा, की डबे बांधा किंवा चालवा, दोन्ही नाही. कंपनीने बांधणं निवडलं आणि 1947 मध्ये शयनयान सेवा रेल्वे कंपन्यांच्या गटाला विकली. भाड्याची रोजची मिळकत गेली, उरल्या नव्या डब्यांच्या ऑर्डरी. आणि हमरस्ते नि जेट विमानं आल्यावर त्याही आटल्या. शयनयान सेवा 1968 अखेर थांबली. अ‍ॅमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीसाठी बांधलेले दुमजली सुपरलायनर हे शेवटचे प्रवासी डबे. 1981 मध्ये ते काम संपलं. रचनेचे हक्क पुढे कॅनडाच्या बाँबार्डियरकडे गेले आणि सुपरलायनरची दुसरी खेप तिनेच बांधली.