बोलोन्याचा रागू

रागू हा इटलीतील बोलोन्या शहराच्या घराघरांत होणारा, मांसाच्या खिम्याचा दाट पदार्थ. खिमा, डुकराच्या पोटाकडचे ताजे किंवा खारवलेले चरबीदार मांस म्हणजे पान्चेत्ता, कांदा, गाजर, सेलरी, थोडी वाइन आणि थोडा टोमॅटो एवढ्यावर तो दोन ते तीन तास मंद आचेवर शिजतो. रस अंगाबरोबर ठेवतात आणि ताज्या पास्त्याला लावून खातात. बाहेरच्या जगात त्याची ओळख टोमॅटोचा लाल सॉस अशी झाली असली तरी मुळात हा मांसाचा पदार्थ आहे. टोमॅटो त्यात रंगापुरता आणि किंचित आंबटपणापुरता असतो. तयार रागूचा रंग लालभडक नसतो. तो गडद नारिंगी-तपकिरी असतो आणि कडेला तुपासारखा तवंग दिसतो.

नोंदलेली कृती

अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्याजवळच्या इमोला येथील कार्डिनलच्या (कार्डिनल म्हणजे कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू; पुढे हेच पोप सातवे पायस झाले) मुदपाकखान्यातील आल्बेर्तो आल्विझी याची पास्त्यावर घालायच्या रागूची कृती उपलब्ध आहे. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात बोलोन्या पद्धतीच्या पास्त्यासाठी वासराचे मांस, खारवलेली चरबी, लोणी आणि मांसाचे पाणी (मांस उकळून काढलेला रस) सांगितले आहे. त्यात टोमॅटो नाहीच. तो नंतर आला आणि आजही बेताने वापरला जातो.

इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ रोजी बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात रागूची अधिकृत कृती नोंदवली. तिच्यात गाईच्या मांसाचा ‘कार्तेल्ला’ हा भाग, म्हणजे पोट आणि छाती यांमधल्या पडद्याचे मांस, ३०० ग्रॅम होते. आता हा भाग सहज मिळत नाही आणि घरोघरची सवयही बदलली आहे, म्हणून २० एप्रिल २०२३ रोजी सुधारित कृती नोंदवली गेली. तिचे प्रमाण असे : जाडसर दळलेला गोमांसाचा खिमा ४०० ग्रॅम, ताजा पान्चेत्ता १५० ग्रॅम, कांदा, गाजर आणि सेलरी प्रत्येकी सुमारे ६० ग्रॅम, लाल किंवा पांढरी वाइन अर्धा ग्लास, गाळलेला टोमॅटो २०० ग्रॅम, टोमॅटोचा आटवलेला गोळा एक मोठा चमचा, ऑलिव्ह तेल तीन चमचे, हलके मांसाचे किंवा भाज्यांचे पाणी लागेल तसे, दूध अर्धा ग्लास (ऐच्छिक), मीठ आणि मिरी. एवढा रागू पाच-सहा जणांना पुरतो.

काय चालत नाही, हेही या नोंदीत दिले आहे : लसूण, रोझमेरी, पार्स्ली किंवा इतर पाला, धुरावलेला पान्चेत्ता, वाइनऐवजी ब्रँडी आणि दाटपणासाठी पीठ. सुकी अळंबी, मटार किंवा कोंबडीची काळजे घातलेली मात्र चालतात. लसणाला नकार देणे मराठी स्वयंपाकघराला विचित्र वाटेल. पण इथे सगळी चव खरपूस मांस आणि गोडसर भाजी यांची असते. लसूण पडला की तोच पुढे येतो आणि बाकीचे मागे पडते.

ओल कधी घालवायची, कधी ठेवायची

रागूचे तंत्र पाण्याभोवती फिरते. पहिल्या अर्ध्या तासात भाजी आणि मांसातले पाणी हट्टाने घालवायचे आणि पुढचे दोन तास तेच पाणी थोडे थोडे परत द्यायचे. हा क्रम उलटला की रागूचे रश्शातले उकडलेले मांस होते.

पान्चेत्ता सुरीने अगदी बारीक करून तेलात मंद आचेवर ठेवतात. चरबी सुटून कण पारदर्शक झाले की कांदा, गाजर, सेलरी घालायचे. तिन्ही साबुदाण्याएवढे बारीक आणि एकसारखे चिरलेले हवेत. मिक्सरमध्ये फिरवू नयेत, कारण पेशी चिरडून पाणी सुटते आणि भाजी परतण्याऐवजी शिजते. सात-आठ मिनिटांत कांद्याचा उग्र वास जाऊन गोड वास येतो. भाजी तपकिरी होऊ द्यायची नाही, फक्त मऊ करायची. मग ती बाजूला काढून ठेवावी. भाजी तशीच ठेवून मांस घातले, तर मांस खरपूस होईपर्यंत कांदा करपतो.

आता आच मोठी करून खिमा घालतात. मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ते सुटत असेपर्यंत भांड्याच्या तळाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही आणि खरपूस रंग-वास देणारी मेलार्ड अभिक्रिया तर साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणून भांडे पसरट हवे. ४०० ग्रॅम खिम्याला २८ सेंटिमीटर व्यासाचे, जाड बुडाचे पातेले घ्यावे. खिमा पसरून दोन मिनिटे अजिबात हलवायचा नाही, मग उलथन्याने गुठळ्या फोडायच्या. इथे कानाचा उपयोग होतो. आधी पाणी उकळल्याचा ओला, बुडबुड्यांचा आवाज येतो. साधारण आठव्या-दहाव्या मिनिटाला तो बदलून कोरडा चर्र आवाज सुरू होतो, तळाशी तपकिरी पापुद्रा धरतो आणि खिमा चरबीत तळला जाऊ लागतो. हा टप्पा गाठण्यापूर्वी वाइन ओतली तर रागू राखाडी राहतो आणि पुढे तीन तास शिजवूनही ती चव येत नाही. खिमा दुप्पट असेल तर दोन खेपांत परतावा.

वाइन ओतली की तळाचा पापुद्रा लाकडी उलथन्याने खरवडून सोडवतात, चवीचा मोठा वाटा त्यातच असतो. पापुद्रा काळा पडून कडू वास येत असेल तर मात्र खरवडू नये, मांस दुसऱ्या भांड्यात काढावे. वाइनचा नाकात जाणारा झणका थांबेपर्यंत आटवून भाजी परत घालावी, मग टोमॅटोचा आटवलेला गोळा घालून मिनिटभर परतावा आणि गाळलेला टोमॅटो व एक कप गरम पाणी घालावे. गार पाण्याने शिजणे थांबते, म्हणून मांसाचे पाणी शेजारच्या शेगडीवर गरमच ठेवतात.

आचेबद्दल बोलोन्यात कोणी तडजोड करत नाही. झाकण किंचित तिरके ठेवायचे आणि पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा सावकाश फुटला पाहिजे. मांसातले कोलॅजेन हे चिवट प्रथिन ७० अंशांच्या वर हळूहळू विरघळून जिलेटिन होते आणि रसाला ओठांना चिकटणारा दाटपणा त्यामुळेच येतो. खदखदा उकळले तर कोलॅजेन विरघळण्याआधीच स्नायूंचे तंतू आक्रसून रस पिळून टाकतात आणि खिमा वाळूसारखा रवाळ लागतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी ढवळून, रस कमी वाटला की एक डाव गरम पाणी घालावे. सगळे पाणी एकदम घातले तर रागू शिजत नाही, तरंगतो.

दूध साधारण अर्ध्या वेळानंतर घालतात. टोमॅटो आणि वाइनची आंबट धार त्याने मवाळ होते. ते पूर्ण सायीचे, कोमट करून तीन-चार वेळा विभागून घालावे. आंबट रसात दूध थोडे फुटते आणि बारीक कण दिसतात. घाबरायचे कारण नाही, पुढच्या तासाभरात ते चरबीत मिसळून दिसेनासे होतात. मांसाबरोबर दूध न चालणाऱ्या घरांनी ते खुशाल वगळावे. मीठ शेवटी, कारण खारवलेला पान्चेत्ता असेल तर तो खारट असतो आणि रस निम्म्याने आटतो.

उलथन्याने पातेल्याच्या मध्यातून रेघ ओढावी. दोन्ही बाजूंनी पाणी धावत आले तर आणखी आटवायचा आहे. रेघ क्षणभर टिकून सावकाश भरली आणि कडेला नारिंगी तवंग आला तर झाला. तवंग काढून टाकू नये. पास्त्याला रागू धरतो तो या चरबीमुळे.

कशाबरोबर वाढतात

बोलोन्यात रागू ताल्यातेल्ले या अंड्याच्या ताज्या पट्ट्यांवर किंवा पालकाच्या हिरव्या लझान्यात, म्हणजे थर लावून भाजलेल्या पास्त्यात, जातो. ताल्यातेल्लेला १०० ग्रॅम मैद्यामागे एक अंडे लागते. शिजल्यावर पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असावी, हेही १९७२ साली त्याच वाणिज्य मंडळात नोंदले गेले आहे. शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा हा १२,२७० वा भाग. खडबडीत, रुंद पट्टीवर खिमा चिकटतो. गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो घसरून ताटाच्या तळाशी जातो, म्हणून ‘स्पॅगेटी बोलोन्येझ’ हा जगप्रसिद्ध प्रकार खुद्द बोलोन्यात परका मानला जातो. २०१९ मध्ये शहराचे महापौर विर्जिनियो मेरोला यांनी त्याविरुद्ध जाहीर मोहीमच चालवली होती. सुका पास्ताच घ्यायचा असेल तर रुंद पट्ट्या किंवा नळ्या घ्याव्यात.

एका माणसाला १०० ग्रॅम ताजा पास्ता आणि दोन-तीन मोठे डाव रागू पुरतो. शिजलेला पास्ता रागूच्या पातेल्यातच टाकून, त्याच्या उकडीचे पाणी अर्धा डाव घालून मिनिटभर हलवतात. पास्त्यावर नुसता ढीग ओतण्याची पद्धत तिथे नाही. वरून पार्मिज्यानो-रेज्ज्यानो चीज किसून घालतात.

दक्षिण इटलीतल्या नापोली (नेपल्स) शहराचा रागू याहून निराळा. तिथे खिमा नसतो. डुकराच्या बरगड्या आणि मांसाच्या गुंडाळ्या भरपूर टोमॅटोत सहा-सात तास शिजतात, रस आधी पास्त्याला लावतात आणि मांस नंतर वेगळे वाढतात.

मटणाच्या खिम्याचा रागू

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू आहे. म्हशीचे मांस तिच्या बाहेर आहे आणि रागूला ते चांगले चालते. बहुतेक मराठी घरांत हा पदार्थ बकऱ्याच्या खिम्याचा होतो. बोलोन्याच्या नोंदीत तो बसत नाही, पण तंत्र तेच लागू पडते. खांद्याकडचे मांस, मोठ्या जाळीतून एकदाच काढलेले आणि पाचवा हिस्सा चरबी असलेले घ्यावे. मांडीचा नुसता बिनचरबीचा खिमा कोरडा होतो.

आपल्याकडे खिमा धुण्याची पद्धत आहे आणि नेमके तिथेच बिघडते. धुतलेला खिमा स्पंजासारखे पाणी धरतो आणि परतताना वीस मिनिटे नुसता उकडत राहतो. खाटकाकडून तुकडा आधी धुऊन, पुसून मग खिमा करून घ्यावा. खिमा धुवायचाच असेल तर चाळणीत वीस मिनिटे निथळू देऊन हाताने घट्ट पिळावा. डुकराची चरबी चालत नसेल तर पान्चेत्ताच्या जागी बकऱ्याचीच चरबी ५० ग्रॅम आणि लोणी एक चमचा घ्यावे. वाइन नको असेल तर तेवढेच मटणाचे पाणी आणि एक छोटा चमचा व्हिनेगर. सेलरीला कोथिंबिरीच्या काड्यांचा पर्याय सुचवला जातो, पण त्याने चव आपल्या नेहमीच्या खिम्याकडे वळते. सेलरी न मिळाल्यास गाजर थोडे वाढवणे बरे.

कुकरने वेळ वाचतो, पण अर्धाच. पंचवीस मिनिटांत कोलॅजेन विरघळते, मात्र बंद भांड्यात पाणी आटत नाही. परतण्यापर्यंतची कृती नेहमीसारखी करून, पाणी निम्मेच घालून कुकर लावावा आणि झाकण काढून पुढे अर्धा-पाऊण तास मंद आचेवर आटवावा.

साठवण

रागू दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो, त्यामुळे दुप्पट करून ठेवण्याची रीत आहे. पातेल्यात तसाच रात्रभर बाहेर ठेवू नये. दाट खिमा आतून तासन्‌तास कोमट राहतो आणि त्यात जंतू वाढतात. पसरट ताटात काढून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. तिथे तो तीन दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिने चांगला राहतो. एका जेवणापुरते वेगळे डबे भरावेत, म्हणजे वितळवलेला पुन्हा गोठवावा लागत नाही. गरम करताना वरचा थिजलेला चरबीचा थर खाली मिसळून, दोन-तीन चमचे पाणी घालावे आणि मध्यापर्यंत वाफा येईस्तोवर तापवावा.