डोमेन हलवायचंय म्हणजे नक्की काय हलवायचंय?

"साहेब, ते डोमेन तेवढं तुमच्याकडं ट्रान्सफर करून घ्या की."

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांचा फोन. जुनं होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा, सारखं बंद पडायचं, म्हणून त्यांनी नवीन घेतलं होतं, साइटही तिथे चढवून झाली होती. आता राहिलं फक्त ‘डोमेन ट्रान्सफर’. मी विचारलं, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलं कुठून होतं? तर ते होस्टिंगवाल्याकडून नव्हेच, तिसऱ्याच कंपनीकडून घेतलेलं. आणि त्या कंपनीबद्दल काकांची काही तक्रारही नव्हती. म्हणजे त्यांना ट्रान्सफर नकोच होतं. त्यांना नेमसर्व्हर बदलायचे होते, म्हणजे त्या नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर.

हा घोळ मी इतक्यांदा ऐकलाय की आता ‘ट्रान्सफर’ शब्द कानावर पडला की आधी उलटा प्रश्न विचारतो: दुकान बदलायचंय की पत्ता?

डॉटकॉमची सगळी नोंदवही व्हेरिसाइन नावाच्या अमेरिकन कंपनीकडे असते, डॉटइनची आपल्या निक्सीकडे. या झाल्या रजिस्ट्री. आपण थेट त्यांच्याकडे जात नाही, मधल्या दुकानदाराकडून, म्हणजे रजिस्ट्रारकडून नाव घेतो. रजिस्ट्रीच्या वहीत तुमच्या डोमेनसमोर बरेच रकाने असतात. त्यातले दोन आपल्या कामाचे. एका रकान्यात लिहिलेलं असतं की हे नाव सध्या कोणत्या रजिस्ट्रारच्या खात्यावर आहे. दुसऱ्यात असतं की या नावाची चौकशी करायला कोणत्या नेमसर्व्हरकडे जायचं. ट्रान्सफर म्हणजे पहिला रकाना खोडून नवीन लिहिणं. नेमसर्व्हर बदलणं म्हणजे दुसरा. एकाला हात लावला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही.

मोबाइलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ट्रान्सफर हे नंबर पोर्ट करण्यासारखं आहे. १९०० ला एसएमएस पाठवून कोड मागवतो, तो नव्या कंपनीला देतो, नंबर तोच राहतो. डोमेनलाही असाच कोड लागतो, त्याला ऑथ कोड किंवा ईपीपी कोड म्हणतात. नेमसर्व्हर बदलणं हे कॉल फॉरवर्डिंगच्या जवळचं: सिम त्याच कंपनीचं, पण घंटी दुसरीकडे वाजते. फरक इतकाच, की पोर्ट होताना जुनं सिम मध्येच मरतं आणि तास-दोन तास फोन मुका होतो. डोमेन ट्रान्सफरमध्ये सहसा तसं काही होत नाही. आतमध्ये दुकान बदललं तरी साइट बघणाऱ्याला थांगपत्ताही लागत नाही.

याचं एक मोठं उदाहरण २०२३ चं. गूगलने आपला डोमेनचा धंदा स्क्वेअरस्पेसला विकला. सुमारे १ कोटी डोमेन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेली, मालकांनी बोटही न हलवता. तेव्हा ‘माझी साइट बंद पडणार का’ असं विचारणारे खूप होते. बंद पडण्याचं कारण नव्हतं, कारण बदलला होता तो पहिला रकाना.

ट्रान्सफरची कटकट साइटला नसते, मालकाला असते. नवीन घेतलेलं डोमेन पहिले ६० दिवस सहसा हलवता येत नाही. एकदा ट्रान्सफर झालं की पुन्हा ६० दिवस थांबा. मालकाचं नाव किंवा ईमेल बदललात तरी ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं, आणि इथेच लोक अडकतात. ट्रान्सफरच्या आधी ‘चला, माहिती नीट करून घेऊ’ म्हणून जुना ईमेल बदलतात आणि दोन महिने हात चोळत बसतात. ईमेल जुना झालाच असेल तर बदलायच्या आधी हे कुलूप नाकारायचा पर्याय रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या पानावर, आहे का ते बघा. काही रजिस्ट्रार तो देतात.

यानंतर ट्रान्सफर लॉक, म्हणजे डोमेन कुणी परस्पर हलवू नये म्हणून लावलेलं कुलूप, काढायचा, ऑथ कोड मागवायचा. डॉटकॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा नियम असा की जुन्या रजिस्ट्रारने कोड ५ दिवसांत द्यायला हवा. ‘आमच्या सेल्स टीमशी बोला’ म्हणून लटकवणारे भेटतात, त्यांना हा नियम ऐकवा. नवीन ठिकाणी कोड टाकून पैसे भरले की जुन्या रजिस्ट्रारकडून ईमेल येतो: तुमचं डोमेन चाललंय, मान्य आहे का? इथे बहुतेकांची समजूत अगदी उलटी असते. उत्तर दिलं नाही तर ट्रान्सफर रद्द होतं असं वाटतं. तसं नाही. गप्प बसलात तर ५ दिवसांनी ट्रान्सफर होऊन जातं. म्हणजे तुम्ही न मागता असा ईमेल आला, तर तो ‘नंतर बघू’मध्ये टाकायचा नाही. हा ईमेल नोंदणीच्या पत्त्यावर येतो, आणि कित्येक व्यापाऱ्यांच्या डोमेनवर तो पत्ता साइट बनवणाऱ्या मुलाचा असतो, जो आता बंगळुरूला नोकरी करतोय.

डॉटकॉमला ट्रान्सफरचे पैसे वेगळे जात नाहीत, ते एका वर्षाच्या रिन्युअलचे असतात. मुदत एक वर्षाने वाढते. पण मुदत संपल्यावर घाईने जुन्याकडे रिन्यू करून लगेच ट्रान्सफर केलंत, तर ते भरलेलं वर्ष गळून पडू शकतं. मुदतीच्या महिनाभर आधी काम उरका.

नेमसर्व्हर बदलायला यातलं काहीही लागत नाही. कोड नाही, कुलूप नाही, पैसे नाहीत. रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये दोन ओळी खोडायच्या, नव्या होस्टने दिलेल्या दोन लिहायच्या, सेव्ह. ५ मिनिटं. आणि नेमकं हेच सोपं काम घोटाळा करतं.

कारण नेमसर्व्हरकडे फक्त साइटचा पत्ता नसतो. मेल कुठे पोचवायची ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड, तुमच्या मेलवर शिक्कामोर्तब करणारे टीएक्सटी रेकॉर्ड, एखादं सबडोमेन, असं बरंच तिथल्या झोनमध्ये, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नोंदींच्या यादीत, असतं. नेमसर्व्हर बदलला की जुना झोन जागच्या जागी राहतो आणि जग नव्या झोनकडे बघायला लागतं. नव्या झोनमध्ये होस्टने आपल्या सर्व्हरचा ए रेकॉर्ड, म्हणजे साइटचा पत्ता, टाकलेला असतो, बाकी शुकशुकाट. मी स्वतः हे एकदा केलंय. साइट झकास उघडली, पार्टी खूश, मीही घरी. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन: "कालपासून एक मेल नाही हो आली." एमएक्स टाकायचा राहिला होता. तेव्हापासून जुन्या झोनचा स्क्रीनशॉट घेतल्याशिवाय मी पॅनेलला हात लावत नाही.

‘२४ ते ४८ तास लागतील’ हे जे सगळे म्हणतात, त्यालाही कारण आहे. डॉटकॉमच्या रजिस्ट्रीकडून मिळालेलं नेमसर्व्हरचं उत्तर इंटरनेट कंपन्यांच्या सर्व्हरना १,७२,८०० सेकंद लक्षात ठेवायला परवानगी असते. भागून बघा, बरोबर ४८ तास. तेवढा वेळ कुणाला जुनी साइट दिसेल, कुणाला नवी. म्हणून जुनं होस्टिंग त्याच रात्री बंद करायचं नसतं. आणि डीएनएससेक, म्हणजे नेमसर्व्हरच्या उत्तरांवर सही करायची सोय, चालू असेल तर आधी रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड, म्हणजे त्या सहीची खूण, काढा, त्याचा परिणाम पसरू द्या, मगच नेमसर्व्हर बदला. नाहीतर काही नेटवर्कवर साइट उघडणारच नाही आणि का ते कळणारही नाही.

मग हे दोन एकमेकांत अडकतात कुठे? एकाच ठिकाणी. तुमचे नेमसर्व्हर जर जुन्या रजिस्ट्रारनेच फुकट दिलेले असतील. ट्रान्सफर झालं तरी दुसऱ्या रकान्यात त्याचंच नाव राहतं. पण आता तुम्ही त्याचं गिऱ्हाईक नाही. तो तुमचा झोन आज पुसेल, आठवड्याने पुसेल, त्याची मर्जी. ज्या दिवशी पुसेल त्या दिवशी साइट आणि मेल दोन्ही गायब, आणि तुम्ही म्हणणार ट्रान्सफरने घात केला. अशा वेळी क्रम उलटा करायचा: आधी झोन दुसरीकडे उतरवून घ्यायचा, नेमसर्व्हर बदलायचे, दोन-तीन दिवस सगळं नीट चाललंय ना बघायचं, आणि मग ट्रान्सफर.

देवनागरीतलं डॉटभारत डोमेन असेल तर एक बारीक गोष्ट. काही पॅनेलमध्ये ते मराठीत दिसतच नाही, एक्सएनने सुरू होणारं रोमन अक्षरांचं जुडगं दिसतं. ते तुमचंच नाव आहे. हाताने टाइप करू नका, कॉपी करा.

तासगावच्या काकांचं काम त्याच रात्री झालं. जुन्या झोनमध्ये ए रेकॉर्ड सोडून ६ ओळी निघाल्या, त्यातल्या दोन एमएक्सच्या. त्या नव्या झोनमध्ये भरल्या, एकदा वाचून काढल्या, मग नेमसर्व्हर बदलले. सकाळी काकांनी विचारलं, "झालं का ट्रान्सफर?" मी म्हटलं, नाही केलं. डोमेन जिथे होतं तिथेच आहे, आणि तिथे त्यांनी अजून ३ वर्षांचे पैसे आधीच भरून ठेवले होते.