लेटरकेनीचं म्युझियम, म्हणजे आधीचं वर्कहाऊस

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगॉल काउंटी आहे, तिथल्या लेटरकेनी गावात काउंटीच्या इतिहासाचं म्युझियम आहे, काउंटी कौन्सिलच चालवते. आत अश्मयुगापासून विसाव्या शतकापर्यंत सगळं आहे, पण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती दगडी इमारतच, कारण ती गावच्या वर्कहाऊसचा, म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या सरकारी घराचा, उरलेला भाग आहे.

१८३८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने आयर्लंडसाठी गरिबांचा कायदा केला, देशाचे १३० भाग पाडले आणि प्रत्येकात एक वर्कहाऊस बांधायला घेतलं. डिझाईन सगळ्यांचं जॉर्ज विल्किन्सन या एकाच इंग्लिश आर्किटेक्टचं. आत जेवण मिळायचं, पण व्यवस्था मुद्दाम इतकी कडक की दुसरा काहीच मार्ग उरला नाही तरच माणूस तिथे जाईल. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, आणि बदल्यात काम करायचं.

लेटरकेनीचं वर्कहाऊस १८४५ ला सुरू झालं आणि त्याच वर्षी गरिबांचं मुख्य अन्न असलेल्या बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला. पुढच्या काही वर्षांत देशात सुमारे १० लाख माणसं मेली, तेवढीच किंवा जास्त देश सोडून गेली. त्यातच १८४७ ला नियम आला की पाव एकरापेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबात दहा गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन कसत असाल तर ती सोडा, मगच मदत. भुकेल्या माणसाकडून जमीन काढून घ्यायची ही रीत वाचताना अजूनही राग येतो.

दुष्काळ संपला तरी इमारतीचं काम संपलं नाही. एप्रिल १८६१ मध्ये जॉन जॉर्ज अडेर या जमीनदाराने जवळच्या डेरीव्हेमधून २४४ माणसांना घराबाहेर काढलं, कारण काय तर त्याच्या कारभाऱ्याचा खून झाला होता आणि त्याने दोष सगळ्या कुळांवर टाकला. त्यातले बरेच जण याच वर्कहाऊसमध्ये आले, काही तरुण पुढे ऑस्ट्रेलियाला गेले. अडेरने नंतर तिथेच ग्लेनव्हे कॅसल बांधला, तो आज नॅशनल पार्कमध्ये आहे आणि लोक हौसेने बघायला जातात.

१९२० च्या दशकात आयरिश सरकारने वर्कहाऊसची पद्धतच मोडीत काढली. लेटरकेनीतला हा भाग टिकला, १९८० च्या दशकात तिथे म्युझियम आलं.

१८४१ मध्ये डोनेगॉलची लोकसंख्या २ लाख ९६ हजार होती. २०२२ ची १ लाख ६७ हजार आहे.