एलईडी पार आणि एलईडी घातलेला पार

एकांकिका स्पर्धेच्या आदल्या दिवशी हॉलचा माणूस स्टेजवरच्या डब्यासारख्या दिव्यांबद्दल, म्हणजे पारबद्दल, सांगतो, “पार आहेत ना, सगळे एलईडी केलेत.” हे ऐकलं की मी आधी शिडी मागतो. वर चढून डब्याची मागची बाजू बघेपर्यंत या वाक्याला काही अर्थ नसतो. कधी जुन्याच काळ्या पत्र्याच्या डब्यातला हॅलोजन काढून तिथे एलईडीचा दिवा बसवलेला निघतो. कधी डबाच नवा असतो: पुढे लाल-हिरव्या-निळ्या-पांढऱ्या एलईडींची दाटी, मागे आकडे दाखवणारी छोटी पट्टी आणि डीएमएक्सची, म्हणजे दिव्याला आज्ञा पोचवणारी, वायर घालायला दोन सॉकेट. बोलताना दोघांनाही ‘एलईडी पार’च म्हणतात. पहिला डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, चालवायचा असतो. दुसरा डिमरवर लावला तर लुकलुकतो, नाहीतर जळतो.

खरं तर दुसऱ्याला पार म्हणणंच चूक. पार हे पॅराबोलिक अ‍ॅल्युमिनाइज्ड रिफ्लेक्टरचं लघुरूप. पार ६४ मधला ६४ हा दिव्याचा व्यास, इंचाच्या आठव्या भागांत मोजलेला. म्हणजे ८ इंच. नव्या डब्यात तसला आरसा नसतोच, प्रत्येक एलईडीवर आपलं आपलं प्लास्टिकचं भिंग असतं. पारचा उरला फक्त आकार.

डिमरचं प्रकरण जरा नीट बघू. आपल्याकडचा नेहमीचा डिमर ५० हर्ट्झच्या लाटेच्या प्रत्येक अर्ध्या भागातला तुकडा कापतो, सेकंदाला १०० वेळा. हजार वॉटच्या हॅलोजनची तार इतकी तापलेली असते की मधल्या क्षणभराच्या अंधारात ती थंडच होत नाही. आपल्याला संथ, अखंड उजेड दिसतो. एलईडीत तापलेली तार नाही. तिथे आतल्या सर्किटला त्या कापलेल्या लाटेवरून ‘किती उजेड हवाय’ ते ओळखावं लागतं. म्हणून खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलाच दिवा घ्यायचा. त्यातही, किलोवॉटच्या हिशेबाने बांधलेल्या डिमरला १५-२० वॉटचा भार जाणवतच नाही आणि दिवा थरथरतो. जुने लाइटवाले यावर एक उपाय करतात: त्याच चॅनलवर एक हॅलोजन जोडून विंगेत भिंतीकडे तोंड करून ठेवतात. वीज वाचवायला एलईडी आणायचा आणि त्याच्यासाठी विंगेत हॅलोजन जाळायचा! पण थरथर थांबते, हेही खरं.

एका कॉलेजच्या हॉलमध्ये मी हे न बघता शो केला होता. शेवटचा प्रसंग, आई एकटी खिडकीशी, १२ सेकंदांचा फेड आऊट, म्हणजे हळूहळू अंधार. फेडर खालच्या टोकाला पोचायच्या आधीच दिवे फट्‌कन गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईचं एक वाक्य अजून बाकी होतं.

नव्या डब्याला वीज थेट भिंतीवरच्या बोर्डावरून लागते, डिमर ‘फुल’वर ठेवूनसुद्धा चालत नाही. उजेड कमी-जास्त करायची आज्ञा डीएमएक्सच्या वायरीतून जाते आणि आतली एलईडी अतिशय वेगाने उघडझाप करून तो उजेड बनवते. स्वस्त डब्यात ही उघडझाप डोळ्यांना दिसली नाही तरी मोबाइलच्या शूटिंगमध्ये आडवे पट्टे उमटतात. शिवाय साध्या ८ बिटच्या चॅनलला शून्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६च पायऱ्या. संथ फेडमध्ये शेवटच्या चार-पाच पायऱ्या जिना उतरल्यासारख्या दिसतात. हॅलोजन विझताना केशरी, मग लालसर होत जातो. पांढरा एलईडी पांढराच राहून मरतो. महाग दिवे ही केशरी छटा नकलून दाखवतात. हॉलवाले जे आणतात ते बहुधा तसले नसतात.

मग जुन्या डब्यात नुसता दिवा बदलणं बरं का? पार ६४ पुरतं म्हणाल तर हो. त्याच्या दिव्यात तार, आरसा आणि पुढची काच एकत्रच बंद केलेली असते, पत्र्याचा डबा नुसता आधाराला. दिवा बदलला की सगळं भिंगकामही बदलतं, काही विसंगत उरत नाही. एक हौस मात्र जाते. हॅलोजनचा झोत लांबट पडायचा, मागून दिवा फिरवून तो आडवा-उभा करता यायचा. एलईडीचा बहुधा गोल.

फ्रेनेल (मऊ कडेचा झोत टाकणारा दिवा) आणि प्रोफाइल (रेखीव कडेचा झोत टाकणारा) यांच्यात हे करू नका. तिथे आरसा आणि भिंग डब्यात पक्के असतात आणि सगळं गणित तार नेमक्या जागी असण्यावर बसवलेलं असतं. मक्याच्या कणसासारखा एलईडी दिवा आत खोचला की प्रोफाइलची कड धूसर होते, झोत मरतो. त्यांचा मागचा अख्खा भाग बदलावा लागतो. ईटीसी कंपनी आपल्या १९९२ पासूनच्या सोर्स फोर या प्रोफाइलसाठी तसा भाग बनवते. आणि फार जुना दिवा उघडणार असाल तर आतल्या वायरीवर पांढरट कापसासारखं वेष्टण आहे का बघा. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, हात लावू नका.

जिलेटिनचं, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचं, थोडक्यात: जुने रंग एलईडीच्या पांढऱ्यावर तसेच येत नाहीत. थंड पांढऱ्यावर निळा जास्तच उठतो, लाल-अंबर मलूल पडतो आणि चेहरे आजारी दिसतात. पुढून चेहऱ्यांवर पडणाऱ्या उजेडासाठी वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढराच घ्या.

माझ्या हातात छोटा हॉल दिला तर मागचे रंग नव्या डब्यांवर टाकीन, समोरच्या पार ६४ मध्ये डिमेबल दिवे बसवीन आणि चार हॅलोजन शेवटच्या फेडसाठी जपून ठेवीन. नव्या डब्यांच्या प्रत्येक प्लगवर पांढरी टेप लावून मार्करने लिहीन: ‘डिमर नको’.