‘ओ दादा, स्टँड!’: रस्त्यावरच्या अनोळखी मदतीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात दुचाकी चालवणाऱ्याला हे आवाज पाठ असतात. ‘ओ दादा, स्टँड!’, ‘ताई, ओढणी!’, ‘मावशी, पदर सांभाळा!’ ओरडणारा कोण, हे कळायच्या आत तो पुढे निघून गेलेला असतो. पूर्वी दिवसा हेडलाइट चालू राहिला, तर समोरून येणारे पंजा उघडझाप करून खूण करायचे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं आणि ती खूण विरळ झाली.

या आपुलकीचं मूळ मला जुन्या यंत्रांत दिसतं. म्हैसूरची जावा, मग येझदी, राजदूत, १९७२ मध्ये आलेली बजाजची चेतक, या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, त्याची काजळी प्लगवर धरे आणि गाडी ऐन घाटात बंद पडे. मग प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, रुमालाने पुसून परत बसवायचा. पेट्रोल कमी असेल तर स्कूटर एका बाजूला कलती करायची आणि पुन्हा किक मारायची. डिकीत पाना, जादा प्लग आणि क्लचची वायर ठेवणारे कितीतरी जण होते. गाडीवाला अर्धा मेकॅनिक असायचाच, त्यामुळे थांबणाऱ्याला नुसती हळहळ करावी लागत नसे. हाताला काम होतं. पेट्रोल पुरतंच संपलं असेल तर मागचा आपल्या गाडीवरूनच पुढच्याच्या फूटरेस्टला पाय लावून त्याला पंपापर्यंत ढकलत नेई. (ही पद्धत धोक्याची, पण आजही दिसते.) फोन करून कुणाला बोलावण्याची सोय नव्हती. आज मी थांबलो नाही तर उद्या माझ्यासाठी कोण थांबेल, हा हिशेब प्रत्येकाला कळत होता.

१९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली, तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नसे. २००० च्या प्रदूषण नियमांनंतर टू-स्ट्रोक मागे पडल्या. पुढे ट्यूबलेस टायर आले. गाड्या बंद पडेनाशा झाल्या आणि थांबण्याचे प्रसंगही घटले.

अपघाताची गोष्ट मात्र पहिल्यापासून वेगळी होती. तिथे मनात असूनही माणसं पुढे होत नसत, कारण ‘नसती भानगड’ मागे लागे. एक बातमी अशी होती: एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं. वाटेवरच्या एका माणसाने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेलं. पोलीस केस घेण्याचा अधिकार नाही म्हणून तिथून त्याला सुमारे २० किलोमीटरवरच्या रुग्णालयात पाठवलं आणि वाटेतच त्याचा जीव गेला. ही बातमी जोडून मानवी हक्क कार्यकर्ते परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ऑगस्ट १९८९ मध्ये निकाल आला: आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

तो निकाल डॉक्टरांना बांधणारा होता. जखमीला उचलून आणणाऱ्याच्या मागचं शुक्लकाष्ठ सुटलं नाही. ठाण्यात जबाब, कोर्टाच्या तारखा आणि ‘तूच धडक दिलीस का?’ ही शंका. बघ्यांना आपण सहज निर्दयी म्हणतो. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण त्यांची भीती खरी होती. रस्ते सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१२ मध्ये यावर याचिका केली. मे २०१५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असं ते सांगतं.

या संरक्षणाची सर्वाधिक गरज दुचाकीवाल्यांनाच आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते. सप्टेंबर २०२० च्या नियमांनुसार मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याने ठरवायचं असतं. हे हक्क प्रत्येक रुग्णालयाने दर्शनी भागात स्थानिक भाषेतही लावले पाहिजेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत. तो फलक दिसला नाही, तर बिनदिक्कत विचारावं.